डाव्या हाताची मुलं

विनार्तीच्या वर्गात प्रश्न विचारला की सगळ्यांचे हात वर जातात, ही बातमी त्या वर्षी सुंबिंग डोंगराच्या अख्ख्या उतारावर पसरली होती. आता यात बातमी कसली, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण आमची पोरं म्हणजे तंबाखूवाल्यांची पोरं. घरी पाहुणा आला तर आईबापच निम्मं बोलणं गिळून टाकतात, मग पोरांचं काय सांगावं? "कळलं का?" विचारलं की वर्ग एका सुरात "कळलंऽऽ, बू!" म्हणणार, बू म्हणजे बाई, आणि "मग सांग बघू तू" म्हटलं की ज्याच्याकडे बोट जाईल तो बाकाखाली वाकून पेन्सिल शोधणार. शाळेतल्या सगळ्याच शिक्षकांनी हे भोगलेलं. विनार्तीनं तर दोन्ही बाजूंनी. लहानपणी पेन्सिल शोधण्यात तिच्याइतकं पटाईत कुणी नव्हतं.

म्हणूनच तिनं तोड काढली. उत्तर येत असेल तर उजवा हात वर, येत नसेल तर डावा. पण हात वर झालाच पाहिजे. डावा हात वर असेल त्याला बू कधीही विचारणार नाही, हा तिचा शब्द. उजवा असेल त्यानं मात्र उभं राहायचं आणि मोठ्यानं, पूर्ण वाक्यात बोलायचं. चुकलं तरी चालेल, पुटपुटायचं नाही.

सुरुवातीला डावा हात वर करायला पोरं धजेनात. वडीलधाऱ्यांसमोर डावा हात करणं म्हणजे उद्धटपणाच. रांगायला लागल्यापासून आई बजावत असते, गोड हातानं घे, गोड हातानं दे, आणि गोड हात म्हणजे उजवा. विनार्तीनं एकेकाला जवळ घेऊन समजावलं, की या वर्गात दोन्ही हात गोड. पाचवीचे म्हातारे गुरुजी पाक मुग्योनो यांनी चहा पिता पिता टोमणा मारलाच.

"उद्या पोरं आजोबांना डाव्या हातानं नमस्कार करतील, बू. मग सोडवायला मला बोलावू नका."

"करू देत, पाक. निदान हात तरी हलतील. तुमच्या वर्गात पंखासुद्धा हलत नाही."

"तो बिघडलाय. त्याचं खापर माझ्यावर कशाला?"

हा वर्ग विनार्तीकडे तिसरीपासून होता. चौथीत येईपर्यंत डावे-उजवे हात असे झटकन वर जायला लागले, की बघणाऱ्याला एकही पोर मागं राहिलेलं दिसू नये. कुणी रडत नव्हतं, कुणी लघवीचं निमित्त करून पळत नव्हतं. आणि दामार! घाऊक तंबाखू घेणाऱ्या शेठचा हा पोरगा आधीपासूनच धीट. आता तो उभा राहून बोलायला लागला की निवडणुकीला उभा आहे असं वाटायचं. मुख्याध्यापक पाक सुबेक्ती वर्गाच्या दारात उभे राहून बघत, आणि विनार्तीच्या अंगावर मूठभर मांस चढे. चढू नये का? आयुष्यात पहिल्यांदा तिचं कुणी कौतुक करत होतं.

मग ठरलं, की केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक येऊन तिचा आदर्श पाठ बघणार. पाठ झाल्यावर चहा, आणि चहाबरोबर विनार्तीनं बोलायचं, की मुलांचा आत्मविश्वास तिनं कसा वाढवला.

आदल्या दिवशी तिनं वर्गाला सांगितलं, "उद्या पाहुणे मागं बसतील. तुम्ही रोजच्यासारखंच वागायचं." शेवटच्या बाकावरची आरुम ओठ चावत बसली होती. आरुम कायमची डावी. तिच्या वहीतली उत्तरं बरोबर असायची, पण ती आणि तिची मैत्रीण वेनिंग दामारच्या मागच्या बाकावर बसतात, तेव्हा ती उत्तरं कुठून येतात हे विनार्तीला न सांगता कळत होतं. त्यावरून ती कधी रागावली नाही. मुलाचा पाणउतारा करायचा नाही, हे तर तिच्या शिकवण्याचं मूळ. तिनं आरुमच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुला कुणी काही विचारणार नाही. घाबरायचं नाही, बरं का?"

आरुमनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ऊन कडक पडलं होतं. गावभर बांबूच्या ताट्यांवर चिरलेला तंबाखू वाळत होता आणि त्याचा उग्र वास थेट वर्गात येत होता. मधल्या सुट्टीनंतर पाहुणे मागच्या खुर्च्यांवर बसले, फोन सरसावले गेले, केंद्रप्रमुखबाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला. विनार्ती फळ्याजवळ उभी राहिली आणि तेव्हा तिला दिसलं, की आरुमची जागा रिकामी आहे. दप्तर होतं, पोर नव्हतं.

तिला जराही काळजी वाटली नाही, हे इथेच सांगून टाकतो. उलट तिला वाटलं, सुरुवात करायला हा प्रश्न छान आहे.

"आज आरुम दिसत नाही," ती हसून म्हणाली. "कुणाला माहीत आहे ती कुठं गेली?"

सगळे हात वर. एक म्हणजे एक हात खाली नाही. पाहुण्यांत कौतुकाची कुजबुज झाली. विनार्तीनं डाव्या हातांवरून नजर पुढे नेली, सवयीनं, आणि दामारला उठवलं.

"बू, आरुमच्या पोटात दुखत होतं, म्हणून आरुम घरी गेली आहे," दामार खणखणीत आवाजात म्हणाला.

"शाब्बास. किती व्यवस्थित सांगितलंस."

तीन टाळ्या, एकदा पाय आपटून पुन्हा टाळी. कुणीही उत्तर दिलं की वर्ग असं दणदणीत कौतुक करायचा. पाठ सुरू झाला. अपूर्णांक होते. विनार्तीनं वाफवलेला रंगीत थरांचा केक आणला होता. तो कापत ती विचारत गेली, हात वर होत गेले, उजवे बोलत गेले, टाळ्या वाजत गेल्या. पाठ इतका रंगला की केंद्रप्रमुखबाई स्वतः टाळ्या वाजवायला लागल्या. वेनिंगचा डावा हात तेवढा मधेमधे, प्रश्न नसतानाही, वर दिसत होता. विनार्तीनं दोनदा तिला नजरेनं गोंजारलं आणि एकदा हळूच म्हटलं, "आता खाली घे, वेनिंग. नाही विचारत तुला." वेनिंगनं खाली घेतला. थोड्या वेळानं पुन्हा वर.

पाठ संपल्यावर पाहुणे शिक्षकांच्या खोलीत गेले. केळीच्या पानात वाफवलेली नागासारी आणि गोड मिट्ट चहा आला. पोरांना पाक मुग्योनोंच्या हवाली केलं होतं. विनार्ती बोलायला उभी राहिली. आवाज जरा थरथरत होता, पण सुखानं.

"मी लहान असताना वर्गात माझं तोंड कधी उघडलं नाही," ती म्हणाली. "म्हणून मी ठरवलं होतं, की माझ्या वर्गात कुणी असं..."

दारात कुणीतरी खाकरलं. आरुमची आजी, म्बाह गिनेम, चपला बाहेर काढून अंग चोरून उभी होती. हातात उकडलेल्या कसाव्याच्या कंदांची टोपली.

"माफ करा हं, बू. पाहुणे येणार असं पोरगी म्हणाली होती, म्हणून आणलं. आणि हे तिच्यासाठी, वेगळं बांधलंय. सकाळपासून काही खाल्लं नाही तिनं, नुसती रडत होती. जरा बोलावता का तिला?"

विनार्तीला आधी कळेचना. "म्बाह, आरुम घरी आलीय ना?"

"घरी? मी घरूनच तर येतेय."

खोलीत कुणीतरी कप बशीवर ठेवला, त्याचा आवाज झाला.  शाळेच्या मागून तंबाखूच्या मळ्यांना पाणी देणारा पाट जातो, उताराचा, जोराचा. म्हातारीनं कुणाच्याही तोंडाकडे न बघता मागच्या बाजूला पाहिलं. तिच्या हातातली टोपली तिरपी झाली आणि कंद जमिनीवर पडले. ते कुणी उचलले नाहीत.

विनार्ती वर्गात धावत गेली. "आरुमला कुणी पाहिलं? कुणाला खरंच माहीत आहे?"

सगळे हात वर.

आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या हातांची भीती वाटली. "दामार! ती घरी गेली म्हणालास. तुला कुणी सांगितलं?"

दामार उभा राहिला. "कुणी नाही, बू."

"मग तिला जाताना पाहिलंस?"

"नाही, बू. सकाळी ती पोट धरून बसली होती. म्हणून मला वाटलं, की गेली असेल."

"वाटलं? मग 'मला वाटतं' असं का नाही म्हणालास?"

दामार गोंधळला. तो लबाड पोरगा नव्हता. "तुम्हीच म्हणता ना, बू, की चाचरत बोलायचं नाही."

 मग एकेक उजवा हात बोलायला लागला, न विचारता, मोठ्यानं, पूर्ण वाक्यात. आरुम दुकानात गेली आहे. आरुम मशिदीमागे बसली आहे. आरुम तिच्या मामाबरोबर मोटारसायकलवरून गेली आहे. पाक मुग्योनो ओरडले, "अरे, गप्प बसा सगळे!" आणि पोरं गप्प बसली. मग तेच काठी टेकत पाटाकडे निघाले. पाहुणे, मुख्याध्यापक, पोरं, सगळे बाहेर पळाले. कुणी मळ्यात शिरलं, कुणी पाटाच्या कडेनं खाली उतरलं. आरुमच्या नावानं हाका सुरू झाल्या. म्बाह गिनेम हाका मारत नव्हती. ती पाटाच्या काठी उकिडवी बसून पाण्याकडे बघत होती.

विनार्तीचा फोन वर्गात राहिला होता. कामावर गेलेल्या आरुमच्या आईला कळवायला हवं, काय कळवायचं ते मात्र माहीत नव्हतं. ती धावत परत आली.

वर्ग रिकामा होता. बाकं वेडीवाकडी झाली होती. शेवटच्या बाकावर वेनिंग एकटी बसली होती. तिचा डावा हात वर होता. तो दुखायला लागला असावा, कारण उजव्या हातानं तिनं त्याला कोपराशी आधार दिला होता.

"वेनिंग, अगं काय करतेस इथं? हात खाली घे. जा बाहेर."

वेनिंगनं हात खाली घेतला नाही. तिचे डोळे भरून वाहत होते, ओठ हलत होते आणि त्यांतून काही बाहेर येत नव्हतं. विनार्ती दारापर्यंत गेली. फोन हातात घेऊन, पाठ करून, दारापर्यंत. मग तिचे पाय अडखळले. का, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. ती परत फिरली, त्या पोरीसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं जे कधीच केलं नव्हतं ते केलं. डावा हात वर असलेल्या मुलाला विचारलं.

"तुला माहीत आहे?"

वेनिंगनं मान हलवली.

"कुठं आहे?"

"टाकीत," वेनिंग म्हणाली. आवाज असा, की वाऱ्यानं जावा. "झाकण मी लावलं, बू. तिनंच सांगितलं लावायला."

मुतारीच्या मागं नव्या संडासांसाठी आणलेली प्लास्टिकची काळी पाण्याची टाकी उन्हात उभी होती. अजून वर चढवायची होती. शेजारी बांबूंचा ढीग होता, त्यावर चढून आत उतरणं सोपं. आतून मात्र गुळगुळीत भिंत, धरायला काही नाही. विनार्तीनं टाकीला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. ती बांबूंवर चढली, झाकण सरकवलं. आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. तळाशी आरुम मुटकुळं करून पडली होती. गणवेश घामानं अंगाला चिकटला होता. हाकेला ती हलली नाही.

टाकी आडवी कुणी केली, पोरीला बाहेर कुणी ओढलं, हे विनार्तीला नीट आठवत नाही. तंबाखूच्या करंड्या नेणारी एक पिकअप गाडी रस्त्यात थांबवली होती आणि तिच्या मांडीवर ते तापलेलं डोकं होतं, एवढं आठवतं. आणि वेनिंग तिची बाही सोडत नव्हती, म्हणून तिलाही गाडीत घेतलं होतं.

आरोग्य केंद्रात आरुमला आत नेलं. म्हातारी आत गेली. सुई लावली, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, डॉक्टरीणबाई बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, की श्वास चालू आहे, थांबा. विनार्ती बाहेरच्या बाकावर बसली, शेजारी वेनिंग. 

"ती ओरडत होती का?" विनार्तीनं विचारलं.

"ठाऊक नाही, बू. मला एकदा ऐकू आल्यासारखं वाटलं. पण मग टाळ्या सुरू झाल्या."

विनार्तीनं डोळे मिटले. तिला धप्प असा एक आवाज ऐकल्याचं आठवलं, पाठ चालू असताना. गवंडी काम करत असतील, असं वाटलं होतं.

"ती आत बसली कशाला पण? मी तिला सांगितलं होतं, कुणी विचारणार नाही."

"तुम्ही नाही विचारणार, बू. पाहुण्यांना कुठं माहीत आपला नियम? ते डाव्यालाही विचारतील, असं ती म्हणत होती."

"आणि तू? तू मला का नाही सांगितलंस?"

"हात वर केला होता ना, बू. मघापासून."

"अगं पण डावा! डावा म्हणजे माहीत नाही, असंच ठरलंय ना आपलं?"

वेनिंग आपल्या पायांकडे बघत राहिली. "ते तुमच्यासाठी. आमच्यात डावा म्हणजे येतंय, पण विचारू नका."

"आमच्यात म्हणजे? तुझ्यात आणि आरुममध्ये?"

"सगळ्या डाव्यांत."

 "मग ज्याला खरंच येत नाही, तो काय करतो?"

"तो उजवा करतो, बू," वेनिंग म्हणाली, जणू हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. "उजवे खूप असतात, आणि तुम्ही जास्त दामारलाच विचारता. आणि दुसऱ्याला विचारलंत, तरी मोठ्यानं काहीतरी सांगितलं की तुम्ही शाब्बास म्हणता."

"आजचा केकचा प्रश्न? शेवटचा, अवघड?"

"आला होता."

"आरुमला आला असता?"

"आरुमला माझ्याआधी येतं, बू. दामार मागं वळून तिचंच तर बघतो."

 तिसरीपासूनचे सगळे दिवस एकदम विनार्तीसमोर आले. ती ज्यांच्यावरून मायेनं नजर फिरवून पुढे जात होती, ते सगळे चेहरे. त्यांना येत होतं. रोज त्यांना येत होतं, आणि रोज ती त्यांना गप्प राहायची मुभा देत होती, वर त्याला माया म्हणत होती. पोरं बाकाखाली वाकायची थांबली, म्हणून तिला वाटलं, त्यांची भीती गेली. भीती कुठं गेली होती? तिनंच तिला हात वर करून बसायला शिकवलं होतं. संतापावं तर कुणावर? मुलांनी तिचा नियम मोडलाही नव्हता. तिनं जे मागितलं तेच त्यांनी तिला दिलं होतं.

आतून म्बाह गिनेमचा रडण्याचा आवाज आला. विनार्ती ताडकन उठली आणि पडदा बाजूला सारून आत गेली. म्हातारी रडत होती, पण हसतही होती. आरुमचे डोळे उघडे होते. गाल लालबुंद, ओठ फुटलेले, हाताला नळी. तिची नजर छतावर फिरली, आजीवर आली आणि मग विनार्तीवर स्थिरावली. बूला बघून ती उठून बसायला धडपडली.

"पडून राहा, पडून राहा," विनार्ती तिच्या उशाशी वाकली. काहीतरी म्हणायला हवं होतं. माफ कर म्हणायला हवं होतं, आणि ते तोंडातून फुटेना. म्हातारीच्या समोर, डॉक्टरीणबाईंच्या समोर, ती शाळेतल्या त्या लहान विनार्तीसारखी ओठ हलवत उभी राहिली.

आरुमच बोलली.

"पाहुणे गेले का, बू?"

"गेले."

"माझ्याबद्दल विचारलं त्यांनी काही?"

"नाही," विनार्ती म्हणाली. खरं तेच सांगायचं होतं, आणि खरं तेच होतं. "तुला काय येतं, ते कुणीच विचारलं नाही, आरुम. मीसुद्धा नाही."

पोरीनं सुटकेचा लांब श्वास सोडला. "बरं झालं," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटून घेतले.